फरशीवरचा खराटा

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दोन्ही हातांत ताणून धरली आणि म्हणाले, "मावशी, हा हार्ट अटॅक आहे. आत्ता, या क्षणी चालू आहे."

माझा विश्वास बसेना. छातीत तर काहीच नव्हतं. गोव्यात मांद्रेला आमच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या आहेत. तिथल्या चादरी बदलताना जबडा ठणकायला लागला, पाठीत कळ आली आणि पंख्याखाली असूनही घामानं पोलकं भिजलं. मी सोडा मागितला. सून वैदेही म्हणाली, "आई, हो गॅस न्हय. चला, गाडीत बसा." तिनं मला चपलाही शोधू दिल्या नाहीत. बायकांचा अटॅक पुष्कळदा असाच येतो, हे मला नंतर कळलं.

पेडण्याच्या त्या डॉक्टरांनी ईसीजी फोनवरून मोठ्या इस्पितळातल्या तज्ज्ञांना दाखवला आणि लगेच थ्रॉम्बोलिसिस केलं, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गाठ विरघळवणारं इंजेक्शन दिलं. मग रुग्णवाहिका. वाटेत कुठेतरी माझं हृदय थांबलं. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात त्याला. हृदय ठोका द्यायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. शॉक देऊन मला परत आणलं.

त्या मधल्या वेळाबद्दल लोक विचारतात. उजेड नव्हता, देव दिसला नाही. कुणीतरी अंगण झाडत होतं. मातीवर माडाच्या हिरांचा खराटा, खर्र, खर्र, अजिबात घाई नसलेला. आवाज जवळ येत गेला आणि माझ्या पायांशी थांबला. एवढंच. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

इस्पितळात अँजिओप्लास्टी झाली. बंद रक्तवाहिनी फुग्यानं उघडून आत स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, बसवली. अतिदक्षता विभागात शेजारच्या खाटेवर कमळव्वा होती. बेळगावकडची, मोपाच्या पठारावर बांधकामावर जाणारी. तिलाही शॉक देऊन परत आणलेलं. छाती दाबल्यामुळे बरगड्या दोघींच्याही दुखत होत्या, त्यामुळे आम्ही हळूहळू बोलायचो.

एका दुपारी जेवणाची ताटं नेल्यावर ती म्हणाली, "अक्का, इथं तर सगळी फरशी हाय. मग खराटा कोण मारतंय?"

मी तिच्याकडे मान वळवली. "कधी ऐकलास?"

"शॉक दिला तवा. पायापाशी येऊन थांबला. तुमालाबी आलावता न्हवं? पुढं गेला का?"

"गेला," मी खोटंच सांगितलं.

"माझा अजून तिथंच हाय," ती म्हणाली आणि तिनं चादरीखाली पाय पोटाशी ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी, भेटायला येणाऱ्यांच्या वेळेत, तिचं मशीन ओरडायला लागलं. नर्सनं पडदा ओढला. खालून फक्त धावणारे पाय दिसत होते. त्या सगळ्या गोंगाटाखाली मला तो आवाज ऐकू आला. या वेळी मी पूर्ण जागी होते. खर्र, खर्र. तो लांब लांब जात होता. पडदा सरकवला तेव्हा कुणीच घाईत नव्हतं.

तिथं एक तरुण डॉक्टर बाई अटॅकच्या रुग्णांवर संशोधन करत होत्या. कोणाला किती लवकर काय उपचार मिळाले आणि पुढे त्यांचं काय झालं, याचं. मी त्यांना आवाजाबद्दल सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"रक्त न मिळालेला मेंदू असे आवाज तयार करतो," त्या म्हणाल्या.

"दोघींना एकच आवाज? आणि काल मी तर जागी होते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते मला सांगता येणार नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की कमळव्वा उशिरा आल्या. पाठदुखी समजून दिवसभर ओझी वाहत राहिल्या. तोवर हृदयाचा बराच स्नायू मेला होता."

घरी आल्यावर कित्येक आठवडे मला शांतता सोसेना. वैदेहीला मी उगाच बोलत ठेवायची. मग एकदा संशोधनाचा फोन आला. नवीनच मुलगी होती. ठरलेला प्रश्न तिनं विचारला, "रुग्ण हयात आहेत का?"

"मीच बोलते," मी म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर प्रथमच पोटभर रडले.

आता मी आणि वैदेही मोपाला कामगारांच्या झोपड्यांत जातो. जबडा, पाठ, घाम, दम, असं काही झालं तर थांबू नका, एवढंच बायकांना सांगतो. मागच्या खेपेला एक जण हळूच म्हणाली, "मला सकाळपासनं पाठीत दुखतंय." आम्ही तिला तशीच गाडीत घातली. तपासणीत हृदयाचं काही निघालं नाही; स्नायू आखडला होता. परतताना ती ओशाळून म्हणाली, "उगाच तुमचा दिवस घालवला, ताई."

मी तिचा हात हातात घेतला. "परत दुखलं तर परत उगाच ये," मी म्हटलं.