शालिकभाऊंचा हिमालय

शालिकभाऊ कुठल्याही नव्या जागी गेले की आधी ओरडायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही असंच. तिबेटी कॅम्पाच्या रिकाम्या सभागृहात मी टेपने भिंती मोजत होते. तेवढ्यात दारातून राजाच्या थाटात आवाज आला, "कोन आहे रे तिकडं!" माझ्या हातातली टेप सुटून सर्रकन गुंडाळली गेली. शेजारच्या घरांतून माणसं धावत आली. दारात उभे असलेले मफलरवाले, सडपातळ गृहस्थ मात्र समाधानाने मान डोलावत होते.

"आवाज मांगच्या भितीपावेतो जाते, मॅडम. परदा इथंच लावू. रंग लावाच्या आंधी आवाज लावून पाहा लागते."

लाखांदूरच्या या माणसाने उभं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवले होते. महाल, जंगल, तुरुंग, देऊळ, सांगाल ते. निर्वासितांच्या छावण्या आणि कुंपणाआडच्या वसाहती यांवर आम्ही नागपूरचे काही आर्किटेक्ट आणि चित्रकार मिळून संशोधन करत होतो. नकाशे आम्ही काढायचे आणि वसाहतीचं मोठं चित्र शालिकभाऊंनी, असं ठरलं होतं. ते नागपुरातल्या प्रदर्शनात लागणार होतं.

हा कॅम्प लाखांदूरहून तासाभरावर, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथे. तिथल्या लोकांना आमच्यासारख्या पाहुण्यांचा कंटाळा आला होता. येतात, फोटो काढतात, जातात. म्हणून डोल्माताईंनी अट घातली होती: जे काही कराल ते आधी आम्हाला दाखवायचं. पटलं नाही, तर बाहेर न्यायचं नाही. हिवाळ्यात नागपूरच्या फुटपाथवर स्वेटर विकणाऱ्या या बाईंचा शब्द कॅम्पात शेवटचा असे.

शालिकभाऊंनी मन लावून हिमालय रंगवला. बर्फाची शिखरं, निळं आकाश, पायथ्याशी याक. दाखवायच्या दिवशी सगळा कॅम्प जमला. पडदा वर गेला.

"शालिकभाऊ," डोल्माताई अस्सल झाडी बोलीत म्हणाल्या, "हे कोनाचं गाव आहे जी?"

"तुमचंच! तिबेट!"

"मले मायनं पाठीवर बांधून आनलं. बरफ मले आठवत नाई. माह्या पोरांनी तं पाह्यलाच नाई. माहा धान कुठी आहे? तलाव कुठी आहे? दुकानाम्होरचा बाक कुठी आहे?"

प्रदर्शन तोंडावर आलं होतं. शालिकभाऊ आपल्या पडद्याकडे बघून एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "बराबर आहे जी! माह्या लाखांदूरचं चित्र काढा म्हटलं अन् कोनी राजाचा महाल काढला, तं मी काय म्हनीन?" चुन्याची बादली आणवून त्यांनी स्वतःच्या हाताने हिमालय पांढरा केला.

पुढचे दिवस सभागृहात जत्रा भरली होती. "पताका पिवळ्या नाई, पयले निळ्या." "माह्या घरचा कुत्रा काढा." शालिकभाऊ प्रत्येकाला एकच सांगत, "घर तुमचं, हात माहा. बोला जी!" कोपऱ्यात बसून मी माझा नकाशा पुरा करत होते. त्यात तारेचं कुंपण मी जाड काळ्या रेघेने दाखवलं होतं.

"एवढं जाड काहून?" डोल्माताईंनी विचारलं. "ते तं धानात ढोरं येऊ नये म्हून आहे."

शालिकभाऊंनी पडद्यावर कुंपण जेमतेम दिसेल असं काढलं, आणि त्याला टेकून गप्पा मारणारी शेजारच्या गावची एक बाई काढली.

पडदा पुरा झाला तेव्हा डोल्माताईंनी आधी त्यातला दुकानापुढचा बाक शोधला. मग म्हणाल्या, "हा नागपूरले नाई जात. हा इथंच राह्यते."

मी शालिकभाऊंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "मॅडम, माहा हरेक परदा दुसऱ्या सीझनले चुना लावून पुसतेत. कोनी ठेवून घेतो म्हनेल, असं झालंच नाई कंदी. ठेवू द्या जी." नागपुरात आम्ही फोटो लावला. सोबत्यांनी तक्रारी केल्या, मी ऐकून घेतल्या.

निघताना डोल्माताईंनी शालिकभाऊंच्या गळ्यात पांढरा रेशमी खाता घातला. तिबेटी लोक मानाच्या पाहुण्याला घालतात तो शेला. लाखांदूरच्या बसमध्ये तो घालूनच ते खिडकीशी बसले. ओळखीच्या कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "कायचा सत्कार झाला जी, शालिकभाऊ?"

"परदा चुकला ना माहा," शालिकभाऊ छाती फुगवून म्हणाले, "त्याचा!"