पाठीवरची थाप

पट्टा शिरूरच्या बाजारात शिवून घेतलेला. जाड चामडं, मधे पितळेचा पत्रा, त्यावर कोरलेलं ‘महिला चॅम्पियन’. सत्तरच्या दशकात जत्राजत्रांतून कुस्तीचे खेळ करत हिंडणाऱ्या आमच्या कंपनीचा तो मान. आधी तो मालकिणीच्या कमरेला होता. तिचा गुडघा गेला, तेव्हा मालकाने एका खेळात तिला माझ्या हातून पाडवून घेतलं आणि पट्टा मला बांधला. जिंकलाबिंकला कुणी नव्हता. आमच्या कुस्त्या सगळ्या नुरा, म्हणजे आधी ठरवून केलेल्या.

लोकांना हे कुठं ठाऊक? शिक्रापूरपासून पाटसपर्यंत मी वाघीण! आणि वाघिणीला कायम एकच भीती. कारण दर खेळाला तो मेला मालक भोंग्यावरून ओरडायचा, “हाय का कुणी मायमाऊली, आमच्या चॅम्पियनशी लढणारी?” मग लोकांत लुगडं नेसून बसलेली आमचीच एक बाई उठायची. पण एखाद्या दिवशी खरीच कुणी उठली तर? पडायचं कसं आणि पाडल्यासारखं करायचं कसं, एवढंच मला येत होतं. खऱ्या कुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

दौंडला त्या संध्याकाळी आमची ती बाई तापाने फणफणली होती. मालक म्हणाला, “काळजी नगं, दुसरी बसवलीया.” भोंगा वाजला आणि रुंद खांद्यांची एक धिप्पाड बाई कासोटा आवळत पुढे आली. म्हटलं, वा, या खेपेला मालकाने बरं माणूस शोधलं.

हात मिळवताना आमची खूण ठरलेली. मी तळवा दाबायचा, समोरचीने परत दाबायचा. मी दाबला. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मागच्या बाजूला दुसरीच एक बाई अर्धवट उठून, गोंधळून मालकाकडे बघताना मला दिसली. बसवलेली ती होती! पळावं तर चारी बाजूंनी माणसं.

पुढचं कसं झालं कळलंच नाही. माझी मान तिच्या काखेत, तिचा दंड गळ्यावर, श्वास बंद. आमच्यात पाठीवर दोनदा थाप मारली की अर्थ एकच, सोड, जीव चाललाय. मी तिच्या पाठीवर थापा मारल्या. तिने दंड आणखी आवळला. अगं बाई, सोड की! पुन्हा मारल्या. पुन्हा आवळला. डोळ्यांपुढे अंधारी आली. माझी लेक शिरूरला आईपाशी होती. तिला कोण जाऊन सांगेल, एवढंच डोक्यात येत राहिलं. मग तिने मला उलथवून चितपट केलं आणि छातीत हवा शिरली.

मी मातीत बसून खोकत होते. तिनेच पाण्याचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. मालक पट्टा घेऊन हळूच सटकायला बघत होता. मी तो हिसकावला आणि तिच्या कमरेला बांधायला घेतला. तिची कंबर रुंद, बक्कल अगदी शेवटच्या भोकात लागलं.

ती लोकांकडे वळून म्हणाली, “बाई लई दिलदार बरं का! जीव चालला व्हता, तरी माझ्या पाठीवर शाबासकीची थाप देत व्हती. म्हून तर मला जोर आला!”

टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या.