चोर-बटण

अख्तरीआपाचं नाव घेतलं की लोक म्हणतात, ती गाड्यांची वायरिंगवाली बाई का? हाव, तीच. रेणापूर नाक्यावर माझी क्लासच्या पोरांची खानावळ हाय, आन् तिला लागून आपाचं दुकान. भिंत एकच. माझ्या कुकरची शिट्टी तिला, तिच्या हॉर्नची कटकट मला. तवा तिची गोष्ट मीच सांगणार. दुसरे सांगतात ते मीठमसाला लावून, मी सांगते तिखट लावून, कारण माझा राग अजून उतरला न्हाई.

राग संगप्पा शेठचा. आमच्याच जातीचा माणूस, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माचे पट्टे. म्हणून मला त्याची लाजबी जास्त वाटते.

भूकंपाच्या आधीची गोष्ट. आपाच्या नवऱ्याचं, ताहेरउस्तादाचं दुकान तवा औसा रोडला शेठच्या जागेत व्हतं, भाड्यानं. समोर आमच्या मालकाची पानटपरी, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. उस्ताद असा वायरमन, की कंधार-अहमदपूरचे ट्रकवाले वाटंत दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. शेठकडं एक शौकाची गाडी व्हती. इंग्रजी बनावटीची, लाल, टप नसलेली, दोनच माणसं बसतील अशी, शर्यतीत पळायची म्हणं. शेठच्या बापानं हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराकडून घेतलेली. तिची वायरिंग पार कुजली व्हती. तारांवरचं कापड हात लावला की पापडावानी तुटायचं. वर गाडी उलटी. आपल्या गाड्यांत बॅटरीची मायनस बॉडीला असते, हिच्यात प्लस. एकानं सवयीनं बॅटरी सुलटी लावली आन् डायनामोचा धूर काढला, तवा ती उस्तादाकडं आली.

उस्तादाची एक सवय ध्यानात ठेवा. तार सोडली की टोकाला चिंधी बांधायची, म्हंजे पुन्हा जोडताना घोळ नको. डाव्या दिव्याला लाल, उजव्याला हिरवी. ह्या गाडीचे पुढचे दोन मोठे दिवे उतरवले त्या दिवशी दुकानात चिंधी न्हवती. तर ह्या शहाण्यानं घरी जाऊन आपाच्या निकाहाची ओढणी फाडली. लाल, हिरव्या काठाची, जरीची. आपा नाराज झाली ती अशी, की उस्तादाला भाकर वाढायची पण तोंडातून शब्द काढायची न्हाई.

त्यातच भूकंप झाला. किल्लारीकडं ढिगारे उपसणाऱ्यांना उजेड न्हवता. उस्तादानं ट्रकच्या बॅटऱ्या, बल्ब, तारांची भेंडोळी गोळा केली आन् निघून गेला. दुकानाची चावी जागामालकाकडं, म्हंजे शेठकडंच ठेवली. कितीतरी दिवसांनी परत आला, दाढी वाढलेली, अंगाला तो वास. बघतो तर गाडी जागेवर, दिवे गायब.

शेठनं भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत मारली. म्हणला, "लोक मढी उपसून राहिले आन् ह्यानं माझे दिवे विकले. चोर हाय ह्यो."

तवाचे दिवस आठवा. मेलेल्यांच्या अंगावरचं सोनं चोरीला गेल्याच्या बाता घरोघर चालू. त्यात हा शब्द पडला, आन् चिकटला. चावी कुणाकडं व्हती, हे कुणी इचारलं न्हाई. मी आमच्या मालकाला म्हणलं, बोला की. ते म्हणले, गप, टपरीबी त्याच्याच जागेत हाय. दुकान खाली झालं, उस्ताद हिकडं नाक्यावर आला. काही वर्षांत लातूरला क्लासचं पेव फुटलं, अन् त्याच जागेवर शेठच्या क्लासची बिल्डिंग उभी राहिली, वर गुणवंतांच्या फोटोंची फळी. आता कळलं का दिवे कशापायी गेले?

उस्ताद त्या दिवसापासून बिघडला. दारू न्हाई, काई न्हाई, निस्ता बिघडला. कुणाच्या गाडीला हात लावायचा तर आधी मालकाला शेजारी उभा करायचा. "बघत राहा, मी काय घेतो काय ठेवतो." अशानं गिऱ्हाईक टिकतंय व्हय? मग आपानं पान्हे हातात घेतले. उस्ताद बाजंवरून सांगायचा, आपा करायची. आधी रिक्षाचे हॉर्न, मग जीपा, मग ट्रक. बाई बघून हसणारे तिच्या शिव्या ऐकून सरळ झाले. पण औसा रोडला उस्तादानं पुन्हा पाय ठेवला न्हाई. नातेवाइकांची लग्नं सोडली त्यानं, कारण मंगल कार्यालय त्या रोडला.

आन् एका उन्हाळ्यात ती लाल गाडी टेम्पोतून आपाच्या दारात उतरली. मागून शेठ. पोट सुटलेलं, केस काळे केलेले. बारावीचा निकाल लागला की पहिल्या आलेल्या पोरीची मिरवणूक ह्या गाडीतून काढायची, असं त्याच्या डोक्यात. पुण्याचे मिस्त्री वर्षभर गाडी ठेवा म्हणले, म्हणून हिच्याकडं. मारणारा विसरतो बघा, मार खाणारा न्हाई विसरत.

"सगळी वायरिंग नवी कर अख्तरी," तो म्हणला. "डायनामो काढ, अल्टरनेटर टाक. फ्यूजबी वाढव. बाहेरून मात्र जुनी दिसली पाहिजे. आन् एक चोर-बटण बसव. चोऱ्या लई वाढल्यात."

चोर-बटण म्हंजे लपवलेलं बटण. ते दाबल्याबिगर चावी फिरवली तरी गाडी जागची हलत न्हाई. जसा चोरखिसा असतो, तसं.

"बसवते की शेठ," आपा म्हणली. "जागा वेळ आली की दाखवते."

जाताना त्यानं डिकीतून एक पोतं काढून ठेवलं. "दिवे हायेत ह्यात. घासून बसव."

तो गेल्यावर आपानं पोतं सोडलं. मी पोळ्या सोडून तिच्या दारात उभी. दिवे निघाले, काच धड, अन् तारांच्या टोकांना चिंध्या. एकाला लाल, एकाला हिरवी. त्यांच्यातली जर काळी पडलेली, पण जर ती जरच. ज्यानं चोरले, त्यानं गाठीसकट तसेच माळ्यावर टाकले व्हते. चिंधी ती, तिच्याकडं कोण बघतंय.

आपा खाली बसली. मी म्हणलं, रडंल आता. ती म्हणली, "गुरम्मा, माझी ओढणी सापडली." आन् हसाय लागली.

मी म्हणलं, चल पोलिसात. ती म्हणली, "पोलीस काय करतील? त्यानं चोर म्हणलं ते चौकीत म्हणलं न्हवतं, रस्त्यावर म्हणलं."

गाडी बघताच उस्ताद आत जाऊन बसला व्हता, त्यालाबी तिनं चिंध्यांचं सांगितलं न्हाई. गाडी मात्र मन लावून केली, कुठं कसूर ठेवली न्हाई. मी इचारलं, एखादी तार ढिली ठेव ना. तर माझ्यावरच डाफरली, "काम खराब करू? म्हंजे तो खरा ठरला की."

मिरवणुकीच्या दिवशी गाडी सजली. शेजारच्या सीटवर वर्षाराणी, निलंग्याकडची पोर, माझ्याच खानावळीत जेवणारी. लाजून चूर झालेली. शेठ स्वतः चालवणार. पहिल्यांदा चालू करायचा मान मिस्त्रीचा, म्हणून आपानं सीटखाली हात घालून, चावी फिरवून गाडी चालू करून दिली. कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. वर म्हणली, "शेठ, उन्हात उभी ठेवली तर बंद करा, न्हाईतर उकळंल." शेठनं मान डोलावली.

मग ताशा वाजला, पेढे वाटले, गाडी औसा रोडनं क्लासच्या दारात आली. म्हंजे जिथं उस्तादानं थोबाडीत खाल्ली, बरोबर तिथं. आता सत्कार. शेठनं शहाण्यावानी गाडी बंद केली, माईक घेतला, शिक्षण, संस्कार, लातूरचं नाव, सगळं बोलून झालं. मग चावी फिरवली. गाडी गप. पुन्हा फिरवली. गप. पोरं हसाय लागली. पालक घड्याळं बघाय लागले. शेठला घाम फुटला, काळा रंग कानापाशी वघळाय लागला. तेवढ्यात त्याला बटणाची आठवण झाली, अन् माईक हातातच राहिला हे इसरून तो वरडला,

"ए अख्तरी, चोर कुठंय?"

आवाज चारी भोंग्यांतून गेला.

आपा गर्दीतून पुढं आली. सावकाश. "तुमच्याच सीटवर की शेठ."

सगळी गल्ली हसली. शेठला वाटलं बटणाचंच बोलून राहिली. तो खाली चाचपडाय लागला, पण बटण असं आत बसवलं व्हतं की पोटामुळं हात पोचंना. आपानं माईक त्याच्या हातातून काढला. दुसऱ्या हातात त्या दोन चिंध्या.

"ही माझ्या निकाहाची ओढणी," ती म्हणली. "माझ्या नवऱ्यानं ह्या गाडीच्या दिव्यांना बांधली व्हती. दिवे भूकंपात चोरीला गेले, आन् परवा शेठच्याच पोत्यातून निघाले. पोतं सोडलं तवा गुरम्मा व्हती. हाय का न्हाई गुरम्मा?"

तेव्हा टपरीपायी गप बसले व्हते. आता टपरीबी न्हाई, मालकबी न्हाईत. मी जोरात म्हणलं, "हाय. अन् चावीबी शेठकडंच व्हती." मागून औसा रोडचा जुना वखारवाला म्हणला, खरंय, चावी ह्यांच्याकडंच व्हती. मग आणखी कुणी.

आपानं माईक शेठच्या तोंडापुढं धरला. "चोर कोण ते सांगा. मग बटण दाबते."

शेठ पोरीकडं बघून राहिला, पालकांकडं, फोटोंच्या फळीकडं. पुढच्या वर्षीचे प्रवेश समोर उभे. शेवटी बोलला, बारीक आवाजात, पण भोंगे चांगले व्हते. "दिवे ताहेरनं न्हाई नेले. माझ्याच माळ्यावर व्हते."

आपा वाकली, त्याच्या बुडाखाली हात घातला, बटण दाबलं. गाडी एका झटक्यात चालू झाली, दिवेबी लागले, भर उन्हात. तो गाडी घेऊन निघून गेला. त्या क्लासला आता अख्खं लातूर चोर-बटण म्हणतं. माझी पोरंबी म्हणतात, मी थांबवत न्हाई.

आम्ही परत आलो तर उस्ताद बाजंवर बसलेला. बातमी आधीच पोचली व्हती. त्यानं चिंध्या हातात घेतल्या, गाठीवरून बोट फिरवलं आन् ढसाढसा रडला. मग नाक पुसून म्हणला, "चल, औसा रोडला जाऊन येऊ. चहा पिऊ." आपानं बुरखा झटकला अन् तशीच निघाली.

मी तिला दारात इचारलं, "आपा, मग माफ केलं का त्याला?"

ती म्हणली, "न्हाई. निस्ती गाडी चालू करून दिली."