हजिऱ्याची चकचकीत पाटी

माझा धाकटा भाऊ किशोर दर रविवारी एका पाटीचा फोटो पाठवायचा. सुरतेजवळ हजिऱ्याच्या खाडीत बुडवलेली लोखंडी पाटी, आणि तिच्यावर एक डाग नाही. आमच्या अमळनेरच्या टाकीला आठ दिवसांत शेवाळं धरतं, आणि ही तीन महिने खाऱ्या पाण्यात राहून चकचकीत? या पाटीपायी त्याने पांडेसऱ्यातली कापड रंगवण्याची पक्की नोकरी सोडलेली. म्हणे, समुद्रातलेच जिवाणू रंगात मिसळून लावले की जहाजाच्या बुडाला शिंपले चिकटत नाहीत. कुणीतरी आमच्या भोळ्या पोराला गंडवतंय, याची मला खात्रीच होती. आई म्हणाली, "जाय, देखी ये." निघाले.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची गाडी धरा आणि सुरतेआधी उधन्यालाच उतरा. किशोर राहतो ती डिंडोली तिथून जवळ. रिक्षावाल्याने ऐंशी सांगितले. मी मराठीत भांडल्यावर पन्नासवर आला, कारण तोही निघाला आपल्या खानदेशातला, शिंदखेड्याचा. संध्याकाळी पोंक खाल्ला. आपला हुरडाच, वर लिंबू-मिऱ्याची शेव. चव छान, पण भाव ऐकून मी तराजूकडे दोनदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी किशोरच्या मोटारसायकलवरून इच्छापोरमार्गे हजिरा. रस्ताभर ट्रक, तोंडाला रुमाल बांधाच. धक्क्यावर किशोरला कामावर ठेवणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडम होत्या. त्या दिवशी चाचणी संपणार होती आणि निकाल चांगला आला तर किशोर कायम होणार होता. मी त्यांना खोदून खोदून विचारलं.

"पाटी पे चिकनी परत जमती है ना, वही जीवाणु हैं. वही चौकीदार," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पर फोटो में वो परत दिखती क्यों नहीं, समझ नहीं आता."

म्हणजे यांनाही संशय! मॅडम वही आणायला केबिनमध्ये गेल्या. किशोरने पहिली, साध्या रंगाची पाटी ओढली. तिच्यावर पांढऱ्या धारदार शिंपल्यांचा थर. मग जिवाणूंच्या रंगाची दुसरी वर आली, तपकिरी, बुळबुळीत. मी वाकून बघेपर्यंत त्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि ती खसाखसा पुसली.

"हाई काय करं?" मी ओरडले.

"फोटो काढाना शे ना. दर येळे पुशीसनच काढस. सेठसमोर डागवाला माल कोन ठेवस, ताई?"

चोर पकडायला आले होते आणि हाती लागला माझाच भाऊ, तोही इमानदारीत. पुसलास तो थर म्हणजेच जिवाणू, असं मॅडम म्हणाल्या ते मी त्याला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. खरं सांगते, गप्प राहा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तो फडकं हातात घेऊन सरळ केबिनकडे चालू लागला.

मॅडमनी वही उघडून चाचणीच्या पानावर आडवी रेघ मारली. मग म्हणाल्या, "तीन महीने गये. नयी पाटी डालो. हाथ मत लगाना." कायम करण्याचा विषय त्यांनी काढला नाही, किशोरनेही नाही. परतीच्या गाडीत मला स्वतःची लाज वाटत होती.

अमळनेरला येऊन काही महिने झाले. काल नव्या पाटीचा फोटो आला. मळकट, बुळबुळीत पाटी, कडेला दोनच शिंपले.

आईने नाक मुरडलं. "कितली घान शे! नोकरी पक्की व्हयनी का?"

"अजून नाही," मी म्हटलं, आणि तो फोटो पहिल्यांदाच जपून ठेवला.