दम न तुटता बाद

"राष्ट्रीय खेळावरून देशाची ओळख ठरते का?" परवा एका शाळेच्या समारंभात एका मुलानं मला हा प्रश्न विचारला. पाहुणा म्हणून बोलावलं होतं, म्हणून गोड बोलून वेळ मारून नेली. घरी आलो तर जेवण जाईना. या प्रश्नाचं उत्तर मी तरुणपणी एकदा दिलेलं आहे. एका शब्दात.

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. हे मी मिरवून सांगतो, लाजायचं कारण नाही. हैदराबादेत राहून, उर्दूतून शिकून बी.ए. झालो. तेवढी वर्षं माझ्या वाटणीचं औत थोरल्या भावानं हाकलं. दादाला कशाचा शौक नव्हता, एक हुतुतू सोडून. मानवतच्या आसपास त्याच्यासारखा दमाचा गडी नव्हता. तो 'हुतुतू' धरून समोरच्यांच्या बाजूत शिरला की बघणाऱ्यांचा श्वास सुटायचा, त्याचा नाही.

मी पास होऊन आलो त्याच साली निजाम सरकारांच्या वाढदिवसाचे, म्हणजे सालगिरहचे खेळ मानवतला कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानावर ठेवले. एका बाजूला पोलीस ठाण्याचे जवान, दुसऱ्या बाजूला आमचं गाव. जिंकणाऱ्यांच्या म्होरक्याला फेटा. पंच होते तहसिलीतले पेशकार, तहसीलदारांच्या हाताखालचे अधिकारी. उर्दू जाणणारा म्हणून त्यांनी मला शेजारी खुर्ची दिली. कुणब्याच्या पोराला सरकारी खुर्ची! मी बसलो. पाय पसरून बसलो, खोटं कशाला सांगू.

खेळाआधी पेशकार उर्दूत म्हणाले, "हा मुल्की खेळ आहे, साऱ्या मुलुखाचा. सरकारी मैदानावर कबड्डीच म्हणायचं. हुतुतू म्हणेल तो बाद. सांगा तुमच्या लोकांना."

मी सांगितलं. गडी हसले. एकानं विचारलं, "मंग खोकायचं बी उर्दूतच का, साहेब?"

दादा हसला नाही. "धाकल्या, त्यास्नी सांग, दम माझा हाय. त्यात कोणता शब्द भरायचा ते मी बघीन."

हे मी पेशकारांना सांगितलं नाही. "समजलं त्यांना," एवढंच म्हणालो.

डाव बरोबरीत आला आणि शेवटची खेप दादाची. 'कबड्डी, कबड्डी' करत तो गेला. एकाला शिवून वळला, तोच दोघांनी त्याचा पाय धरला, तिसरा पाठीवर पडला. नाक मातीत गेलं आणि तोंडातून निघालं ते 'हुतुतू'. पाय धरलेला माणूस व्याकरण बघतो का? लहानपणापासून जिभेवर बसलेलं तेच आलं. श्वास न घेता, तिघांना ओढत तो आला आणि मधल्या रेघेवर हात टेकला. अख्खं मैदान ओरडलं.

पेशकार जागचे उठलेही नाहीत. "बाद. मराठीत पुकारा."

ज्यानं दादाचा पाय धरला होता तो जवान मुसलमान होता. तोच पुढं येऊन म्हणाला, "साब, दम नइं टूटा उनका. मैं पकडा था ना."

दम हा शब्द त्याचाही होता, आमचाही. पेशकारांना तो नको होता, त्यांना अक्षरं हवी होती. श्वासातली अक्षरं तपासणारं राज्य आतून किती भ्यालेलं असेल! त्यांचा संताप मला अजून येतो. पण त्याहून जास्त माझा मला येतो. त्या जवानाकडे नोकरी होती, तरी तो बोलला. माझ्याकडे नुसती खुर्ची होती.

मी उठलो आणि पुकारलं, "बाद."

फेटा ठाण्याला गेला. दादा माती झटकत माझ्यापाशी आला. वाटलं, शिवी देईल. "लय साफ बोलतूस रं," म्हणाला. "शिकल्याचं चीज झालं." गावापर्यंत दोन कोस तो पुढं आणि मी मागं. त्यानंतर तो हुतुतू खेळला नाही.

निजामशाही गेली. झेंडा बदलला, मैदान तेच. आनंदाचे खेळ ठेवले आणि आता पंच मी. नवे साहेब बाहेरून आलेले, खादीतले, चांगले गृहस्थ. नियमांचा कागद माझ्या हातात देत म्हणाले, "हुतुतू गावठी वाटतं. साऱ्या देशाचा शब्द एक हवा. कबड्डी म्हणायला सांगा. देशाची ओळख असते ती."

डोक्यात तिडीक गेली. कागदाची घडी घालून मी त्यांच्याच हातात ठेवली. "साहेब, देश माझ्या भावाचाही आहे. तो काय म्हणेल ते त्याचं तो बघेल. मी पंच आहे, मी दम तेवढा बघणार." ते रागावले. रागावू देत.

दादा बाभळीखाली गड्यांचे कपडे सांभाळत बसला होता. मी म्हणालो, "दादा, उतर."

"काहून?"

"आज काहीबी म्हण. मी हाय."

त्यानं मांडीवरच्या कपड्यांची चवड सारखी केली. "मी रेघंवर हात टेकला अन् तुझ्या साहेबानं डोळे वटारले, तर तू काय पुकारशील?"

मी उत्तर दिलं. छातीवर हात ठेवून दिलं.

तो उतरला नाही. खरं विचारलं होतं तेव्हा, पेशकारांसमोर, मी उत्तर देऊन चुकलो होतो.