रिह्याच्या गोठ्यातले डॉक्टर

पौडच्या गुरांच्या दवाखान्यात मी मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी डॉ. विनायकराव सबनीस खुर्चीवर नव्हते. मागच्या पडवीत एका म्हशीच्या कानातले गोचीड ते वेचत होते. मला पाहताच त्यांनी रॉकेलचा डबा पुढे केला. "धरा. चिरडू नका, यात टाका." आमची ओळख अशी झाली. त्यांच्या साठीनिमित्त लिहिताना एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही.

जवळच्या रिहे गावच्या बाबूराव पाटलांनी परगावच्या बाजारातून गाय आणली. थोड्याच दिवसांत तिला सणकून ताप भरला, लघवी लाल होऊ लागली. डोंगरावरच्या धाकू धनगराची गुरे पाटलांच्या गुरांबरोबर एकाच कुरणात चरत. पाटलांनी त्यांची पाण्याची वाट अडवली.

"ह्याच्याच गुरांनी रोग आनलाय. डोंगर सोडून जाऊ द्या त्याला!"

आम्ही पोचलो तेव्हा दोन्हीकडची माणसे काठ्या घेऊन उभी होती. डॉक्टरांनी आधी गायीच्या शिरेत निळ्या औषधाचे इंजेक्शन दिले. मग पाटलांचा हात धरून त्यांना त्यांच्याच गोठ्यात नेले आणि भिंतीच्या भेगेत काडी फिरवली. टपोरे गोचीड खाली पडले.

"बाबूराव, ताप हे देतात. इथल्या गुरांना तो लहानपणीच अंगवळणी पडलाय, तुमची गाय नवखी. धाकूला हाकललंत तरी हे इथंच राहणार."

पाटलांनी वाकून भेगेत पाहिले. "मंग आता काय करू म्हनता?"

"भेगा लिंपा, केरकचरा जाळा. आणि औषध धाकूच्या गुरांनाही लावायला हवं. कुरण एकच आहे."

दुसऱ्या दिवशी गोचीड मारायची भुकटी घेऊन डॉक्टर स्वतः डोंगर चढले. धाकूची बायको संकोचून म्हणाली, "सायेब, हितं सरकारी मानूस कवा आलाच न्हाई."

"मग आज बसायला घोंगडी द्या," डॉक्टर हसून म्हणाले.

गाय हळूहळू वैरण खाऊ लागली. पाटलांनी वाट मोकळी केली. पुढे धाकूची म्हैस चिखलात रुतली, तेव्हा दोर घेऊन पहिले धावले ते पाटीलच.

मी एकदा तापाने पडलो होतो, तेव्हा आपल्या पत्नीने, आमच्या वहिनींनी, केलेली पेज डॉक्टर रोज स्वतः आणून देत आणि रिकामे भांडेही मला धुऊ देत नसत.

डॉक्टर आता निवृत्त झाले आहेत. तरी सकाळी त्यांच्या अंगणात कुणाचे ना कुणाचे जनावर बांधलेले दिसते. त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि आमच्या नातवंडांच्या गुरांनाही त्यांचाच हात लागो.