एक इसम वाहून गेला

नामाचा महिमा आपण सारेच गातो. देवाला नावे हजार. ज्याला जे गोड लागेल ते त्याने घ्यावे, भगवंत ओ देतो. माणसाला मात्र एकच नाव मिळते. तेही कोणी लिहून ठेवले नाही, तर त्याला हाक मारायची कशी?

विजयमालाबाईंचा सारा दिवस नावांतच जाई. टपाल खात्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच सोमवारी बुधवार पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात येऊन बसल्या, त्याला अकरा वर्षे झाली. पन्नास ते साठ सालांतली वृत्तपत्रे उघडायची, पिवळी पाने तळहातावर फूल घ्यावे तशी उलटायची, बातमीत आलेले प्रत्येक नाव कार्डावर उतरवायचे आणि कार्ड अक्षरक्रमाने पेटीत लावायचे. एकही नाव सुटता कामा नये, हे त्यांचे व्रत होते.

श्रावणात विश्रांतवाडीकडून गेनबा आले. वय सत्त्याहत्तर, अंगात धुतलेला सदरा, हातात टोपी.

"बाई, माझा बाप कोंडिबा. छपन सालात येरवड्यापाशी नदीत गेला. गाव म्हणायचं, पिऊन पडला. आई म्हणायची, एका सायबाला काढताना गेला, पेपरात छापलंय. तिला वाचता येत नव्हतं, कुणीतरी वाचून दावलं व्हतं. ती मरंपातुर त्येच म्हणत राहिली. मला एवढंच बघायचंय, आई खरी का गाव खरं."

बाईंनी 'क'ची पेटी चाळली. कोंडिबा नव्हते.

"नोंद नाही हो, गेनबा."

ते पुढच्या आठवड्यात आले, त्याच्याही पुढच्या आठवड्यात आले. अभिनव नावाचा तरुण ग्रंथपाल संगणकावरून मान न उचलता म्हणाला, "आजोबा, कार्डं दर आठवड्याला नवी उगवत नाहीत."

"मग मी उगवतो की," गेनबा म्हणाले आणि बाकावर बसले.

त्या दिवशी बाईंनी विचारले, "तिथी काही आठवते?"

"नागपंचमीचा दुसरा दिवस. झोके अजून झाडालाच व्हते."

ते गेल्यावर बाईंनी छप्पन सालचा खंड उतरवला. नागपंचमीनंतरच्या अंकात तिसऱ्या पानाच्या तळाशी आठ ओळी होत्या. 'येथील सुविद्य गृहस्थ श्री. शरच्चंद्र दातीर हे काल नदीत पडले असता दैवयोगाने बचावले.' पुढे त्यांचे शिक्षण, हुद्दा, प्रकृती. आणि अखेरीस: 'त्यांस काढण्यास गेलेला एक इसम वाहून गेला. वैरणीचा एक भारा काठावर मिळाला.'

बाईंनी 'श'ची पेटी ओढली. शरच्चंद्र दातीरांचे कार्ड होते, त्यांच्याच हस्ताक्षरात. म्हणजे ही बातमी त्यांनी पूर्वीच वाचली होती! शेवटच्या ओळीत नाव नव्हते, म्हणून तिच्यावरून हात फिरवून त्या पुढे गेल्या होत्या.

मग त्या पाने उलटीत राहिल्या, आणि अकरा वर्षे डोळ्यांखालून गेलेला तो 'इसम' शब्द आता प्रत्येक पानावर उभा राहू लागला. कोट घालील तो गृहस्थ. ओझे वाहील तो इसम. गृहस्थाला श्री., गाव, हुद्दा; इसमाला फार तर अंदाजे वय. गिरणीत हात गेला, तो इसम. पुलाखाली गारठून मेला, तो इसम. वार्ताहर काही दुष्ट नव्हते. रीतच तशी होती, आणि रीतीला डोळे नसतात. पण त्यांना एक दोष द्यावा, तर आपल्याला किती द्यावे? त्यांनी नाव विचारले नाही. आपण तर तो माणूसच टाकून दिला.

शुक्रवारी गेनबा आले. बाईंनी त्यांना खंडाशेजारी बसवले.

"बातमी मिळाली. पण त्यात नाव नाही."

"नसू द्या. पिऊन पडला, असं लिवलंय का?"

"नाही. काढण्यास गेला, असं आहे."

"वाचा."

त्यांनी सावकाश वाचले. वैरणीच्या भाऱ्यापाशी गेनबांनी हात वर केला.

"त्यो भारा आमी घरी आणला. आई आन् मी. आठ वर्साचा व्हतो मी, भारा पार भिजून जड झाल्याला." मग ते म्हणाले, "परत वाचा."

बाईंनी तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी गेनबांनी टोपी डोक्यावर घातली.

"आई खरी व्हती," ते म्हणाले. आवाज एवढा शांत, की अभिनवने संगणकावरून मान वर केली.

बाईंनी कोरे कार्ड घेतले आणि लिहिले: 'कोंडिबा, विश्रांतवाडी. बुडणाऱ्यास काढताना मृत्यू. बातमीत नाव नाही, मुलाच्या सांगण्यावरून.'

"काकू," अभिनव हळूच म्हणाला, "प्रिंटेड नाव नसेल तर एन्ट्री नाही. रूल तुमचाच आहे."

"माझाच होता. चुकला."

सोमवारी त्यांनी जानेवारी पन्नासचा पहिला खंड मागितला.

"परत पहिल्यापासून? किती वर्षं लागतील, काकू?"

"मागच्या खेपेला अकरा लागली."

बाईंचे वय एकाहत्तर. अभिनवने शिडी लावली, खंड उतरवला आणि धूळ पुसून त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी हात जोडले, पहिले पान उघडले आणि दुपारपर्यंत पहिले कार्ड लिहिले: 'इसम. वय सुमारे चाळीस. हमाल. ओझ्यासह जिन्यावरून पडून मृत्यू. नाव कोणी विचारले नाही.'